तळोजा : बांधावरची वाट, बीमवरची वाट

तळोजा म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडतेच. "म्हणजे ते जेल आहे, तिथे?" हा पहिला प्रश्न. आणि दुसरा, "तिथे केमिकलचा वास येतो ना गं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं होकारार्थीच द्यावी लागतात. इथे मध्यवर्ती कारागृह आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि वाऱ्याची दिशा फिरली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हेही खरं. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या कारखान्यांच्या भागात रंगाच्या पाण्यामुळे निळी झालेली कुत्री दिसली, आणि त्यांचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. तेवढीच काय ती आमच्या तळोज्याची प्रसिद्धी! पण मैत्रिणींनो, एखाद्या गावाची ओळख एवढ्यावरच ठेवायची म्हणजे घराची ओळख मोरीवरून ठेवण्यासारखं झालं. ओटी आहे, माजघर आहे, देवघर आहे. तेही पाहायला नको का?

यांची नोकरी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत. त्यामुळे आमचं बिऱ्हाड सिडकोच्या इमारतीत. सकाळी घरकाम, दुपारी शाळेत चार तास मराठी शिकवायचं, संध्याकाळी पुन्हा घर. अशा बेताच्या वेळात जेवढं पाहता आलं, तेवढं तळोजा मी पाहिलं आहे.

नवी मुंबई म्हणत असले तरी तळोजा रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात येतं, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिका झाली. एका बाजूला खारघरचे डोंगर, दुसरीकडे कासाडी नदी, मधून दिवा-पनवेल रेल्वे. स्टेशनचं नाव अजून 'तळोजा पाचनंद' असं जुन्या थाटाचं. जुन्या गावात मशीद आहे, मंदिरं आहेत, कौलारू घरं आहेत. आणि त्याला लागूनच वीस-वीस मजल्यांच्या इमारती. एका गल्लीत सुकटीचा वास, तर पुढच्या गल्लीत केकचं दुकान! १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं. पूर्वी बेलापूरला जायचं म्हणजे बस नाहीतर रिक्षा. आता पेंधरहून साधारण अर्ध्या तासात बेलापूर येतं. डब्यात खिडकीशी उभं राहिलं, की डोंगर, इमारती आणि मध्ये मध्ये उरलेली भातशेतं दिसतात.

मला या साऱ्यात आवडतात ती भातशेतं. पेंधर, घोट, कोयनावेळे, रोहिंजण या आसपासच्या गावांतल्या आगरी मंडळींची ही शेती. बरीचशी विकली गेली, काही भरावाखाली गेली. जी राहिली आहेत ती पावसाळ्यात अशी हिरवीगार होतात की पाहतच राहावं. दोन खाचरांच्या मधला तो मातीचा बांध! जेमतेम एक पाऊल मावेल एवढा, पावसानं निसरडा झालेला, दोन्हीकडे गुडघाभर चिखल-पाणी. त्यावरून डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन बायका चालतात, आणि त्या चालता चालता एकमेकींशी बोलतही असतात. मी एकदा एका मावशींना विचारलंच, "मावशी, घसरायची भीती नाही वाटत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "लहानपणी पडलो की किती येळा! खाली चिखलच तो. लागतंय काय? पडून पडून पाय शिकला."

'पडून पडून पाय शिकला.' हे वाक्य मी मनात जपून ठेवलं, कारण त्याच दिवसांत आमच्या घरात एक पाय शिकायचा थांबला होता.

आमची लेक बारा वर्षांची. सहा वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स शिकते. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये हा वर्ग चालतो. बाहेर ट्रकची ये-जा, आत पन्नास-साठ मुली उड्या मारताहेत, असं ते दृश्य. मुली जी निरनिराळी साधनं करतात, त्यांत एक असतं बॅलन्सिंग बीम. सगळ्याजणी त्याला नुसतं 'बीम' म्हणतात.

हे बीम म्हणजे काय, ते आपल्या मापात सांगते. लांबी पाच मीटर, म्हणजे आपल्या साडीपेक्षा हातभर आखूड. उंची सव्वा मीटर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या जवळजवळ दीडपट. आणि रुंदी दहा सेंटिमीटर! आपला तळहात अंगठ्यासकट आडवा ठेवला, की संपलं. या पट्टीवर मुलींनी चालायचं, उडी मारायची, गिरकी घ्यायची, कोलांटी मारायची. स्पर्धेत यासाठी दीड मिनिट मिळतं. मध्ये पडलं तर एक पूर्ण गुण जातो आणि दहा सेकंदांत पुन्हा वर चढून पुढचं सुरू करावं लागतं. मला तर हा शेवटचा नियमच सगळ्यात कठीण वाटतो. पडल्यावर दहा सेकंदांत उभं राहायला आपल्याला तरी जमतं का?

लेकीला त्या बीमवर 'बॅक वॉकओव्हर' येत होता. म्हणजे उभ्या उभ्या मागे कमान टाकायची, दोन्ही हात बीमवर टेकवायचे, आणि एकामागून एक पाय डोक्यावरून पलीकडे नेऊन पुन्हा उभं राहायचं. चांगला जमत होता. एका संध्याकाळी तिचा एक हात बीमच्या कडेवरून निसटला आणि ती खाली आली. खाली गाद्या होत्या, म्हणून निभावलं. बरगडीवर खरचटलं, खांदा आठवडाभर दुखला, एवढंच. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. अंगावरचा ओरखडा पंधरा दिवसांत गेला. मनावरचा मात्र जाईना.

ती बीमवर चढायची, हात वर करायची, श्वास घ्यायची आणि तशीच उभी राहायची. एक मिनिट, दोन मिनिटं. मग खाली उतरायची. जमिनीवर तेच ती झोपेतही करील! पण बीमवर नाही म्हणजे नाही. असे जवळजवळ तीन महिने गेले. घरी येऊन रडायची. जेवणावर लक्ष नाही, अभ्यासावर नाही.

अशा वेळी घरात किती मतं निघतात, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पोर वयात येतेय. हातपाय मोडून घेतले तर पुढे कसं व्हायचं? झालं तेवढं पुष्कळ झालं." हे म्हणाले, "रोज रडायचंच असेल तर वर्ग बंद करूया. तेवढ्या वेळात गणित होईल." शेजारच्या वहिनींनी तर दुसऱ्या मुलीचं उदाहरण दिलं, तिला कशी मुळीच भीती वाटत नाही म्हणून. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. मुलगी बारा-तेराची झाली की तिच्या खेळण्याला घराघरातून असेच हळूहळू कुलूप लागतं, आणि ते लावणारी माणसं तिच्यावर माया करणारीच असतात.

मी लेकीला एकटीला घेऊन बसले आणि एवढंच विचारलं, "तुला सोडायचंय का?" ती म्हणाली, "नाही गं आई. मला सोडायचं नाहीये. मला फक्त भीती वाटते." मला या दोन वाक्यांतला फरक फार मोठा वाटला. सोडायचं असतं तर मी दुसऱ्या दिवशी नाव काढलं असतं. पण जी गोष्ट हवी आहे तिचीच भीती वाटते आहे, अशा वेळी आईनं कोणत्या बाजूला उभं राहायचं?

वर्गातल्या ताईंना मी भेटले. स्वतः खेळलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी मला ही भीती नीट समजावून दिली. पुढे जाताना डोळे आधी पोचतात, मग पाय जातो. मागे जाताना उलटं. शरीर आधी झोकून द्यायचं आणि डोळ्यांना पट्टी दिसते ती अर्ध्या वाटेवर. तेवढा क्षणभर निव्वळ विश्वासावर जायचं असतं. एकदा पडलं, की मेंदू तो क्षण लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी शरीराला जाऊच देत नाही. हा हट्ट नाही, आळस नाही. ती राखणदारी आहे. शिवाय या वयात मुली भराभर उंच होतात. हातपाय लांब होतात, वजन बदलतं, तोल जिथे असायचा तिथे राहत नाही. काल येत असलेली गोष्ट आज परकी वाटते. "तिचं शरीर नवं झालंय," ताई म्हणाल्या, "त्याची आणि बीमची पुन्हा ओळख करून द्यायला हवी."

मला हे ऐकून फार धीर आला, कारण हे मोठमोठ्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. अमेरिकेची सिमोन बाइल्स हिच्याएवढी पदकं क्वचितच कुणी मिळवली असतील. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं. तिनं सांघिक अंतिम फेरीतून मध्येच माघार घेतली. जगानं बरंच काही म्हटलं. मग ३ ऑगस्टला ती एकाच प्रकारात उतरली, तो म्हणजे बीम. खाली उतरतानाची पिळाची उडी तिनं बदलून सोपी केली आणि कांस्यपदक घेतलं. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली, आणि त्याच पॅरिसमध्ये बीमच्या अंतिम फेरीत ती पडली आणि पाचवी आली! म्हणजे बीम कुणाचंच ऐकत नाही.

याच्या उलट गोष्ट आहे ती रशियाच्या एलेना मुखिनाची. १९७८ ची ही जगज्जेती. पायाचं मोडलेलं हाड पुरतं सावरलेलं नसताना, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, जुलै १९८० मध्ये तिच्याकडून एका फार धोक्याच्या उडीचा सराव चालला होता. ही उडी आपल्याला घातक ठरेल असं तिला स्वतःला वाटत होतं. ती हनुवटीवर पडली आणि वयाच्या विसाव्या वर्षी कायमची पंगू झाली. ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगी 'भीती वाटते' म्हणते तेव्हा आधी ऐकायचं असतं, हे मी त्यातून घेतलं. ऐकल्यावर पुढे काय करायचं, हा पुढचा प्रश्न.

त्याचं उत्तर शोधायला एका रविवारी आम्ही दोघी दादरला गेलो. पेंधरहून मेट्रोनं बेलापूर, तिथून लोकलनं कुर्ला, मग गाडी बदलून दादर. शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहायचा, असं तिच्या ताईंनी सुचवलं होतं. १९२५ साली काळे गुरुजींनी सुरू केलेली ही संस्था. इथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली तीही याच शिवाजी पार्कवर.

मल्लखांब म्हणजे आपल्या घरचाच खेळ की! बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं आयुष्य दिलं. पुरलेला लाकडी खांब, त्याला एरंडेल लावलेलं, वर मान आणि त्यावर बोंड. त्या बोंडावर मुलगा उभा राहतो तेव्हा पाहणाऱ्याचाच श्वास अडकतो. दोरीचा मल्लखांब मुलींमध्ये विशेष चालतो. दोरीला कुठे गाठ नाही, आधार नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुली वर जातात आणि तिथे आसनं करतात.

आमची लेक सुरुवातीला उंच गेलेल्या मुलींकडे पाहत होती. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर तिची नजर खाली लहान मुलांकडे लागली होती. एक सहा-सात वर्षांची चिमुरडी खांबाला उलटी बिलगली होती. डोळे घट्ट मिटलेले. शिकवणाऱ्याचा एक हात तिच्या कमरेला. दुसऱ्या वेळी तो हात नुसता टेकलेला. तिसऱ्या वेळी दोन बोटं दूर. चौथ्या वेळी हात नव्हताच, आणि हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं! ती खाली उतरून दुसरीकडे खेळायला पळाली. देशपांडे सरांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला आहे, हे मी लेकीला तिथेच सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. परतीच्या गाडीत म्हणाली, "आई, म्हणजे न दिसताही हाताला खांब कळतो?" मी म्हटलं, "कळत असणार. तुझ्या आजीला अंधारात देवघरातली काडेपेटी सापडते, तसंच."

त्यानंतर वर्गातल्या ताईंनी तिचं शिक्षण पहिल्यापासून सुरू केलं. कुणाला घाई नव्हती. पहिले आठ दिवस जमिनीवर नुसती खडूची रेघ. त्या रेघेवर कमान टाकायची आणि हात रेघेवरच पडतात का ते पाहायचं. मग जमिनीलगत ठेवलेली, वीतभरही उंच नसलेली पट्टी. त्यानंतर गुडघाभर उंचीचं बीम. प्रत्येक पायरीवर दहा वेळा नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. नऊ वेळा झालं आणि दहाव्यांदा चुकलं, तरी पुन्हा एकपासून नाही. फक्त ते एक पुन्हा. ताईंनी तिला एक वही दिली. रोज आल्यावर लिहायचं, 'आज भीती किती?' शून्य ते दहा. सातच्या वर आकडा असेल तर त्या दिवशी एक पायरी खाली उतरायचं, त्यात लाज नाही.

शेवटी मोठं बीम आलं, तेव्हा ताईंनी त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्यांवर गाद्या रचल्या. इतक्या, की बीम गाद्यांच्या बरोबरीला आलं. म्हणजे बीम तेच, उंची तीच, पण पडायला जागाच नाही. तिथे जमलं, की दर दोन दिवसांनी एक गादी काढायची. आमच्या गावी पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधत. पोरगं आठ दिवस डब्याच्या भरवशावर हातपाय मारी. मग डब्यात हळूहळू पाणी भरत, आणि एक दिवस डबा नसतानाही ते तरंगायला लागे. हे अगदी तसंच. शेतातल्या मावशींचा चिखलही तोच की! खाली मऊ असलं, की पडायला मन तयार होतं. आणि पडायला मन तयार झालं, की पाय शिकतो.

पाचव्या आठवड्यात एकच गादी उरली. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर तिकडे गेले होते. ती चढली, हात वर केले. नेहमीसारखी थांबली. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. मग तिनं ओठ हलवले, स्वतःशीच काहीतरी बोलली आणि मागे गेली. हात टेकले, एक पाय गेला, दुसरा गेला आणि ती उभी! किंचित डगमगली, पण उभी. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. सगळ्या आपापल्या सरावात होत्या. ताई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा." आणि तिनं पुन्हा केलं.

घरी जाताना मी विचारलं, "काय पुटपुटलीस गं?" तर म्हणाली, "हात, पाय, पाय." तेवढेच तीन शब्द. 'पडू नकोस' असं मनाशी म्हटलं की पडणंच डोळ्यांपुढे येतं. म्हणून काय करायचं तेवढंच म्हणायचं, असं ताईंनी शिकवलं होतं. मला हे इतकं पटलं, की वर्गात वाचन करताना अडखळणाऱ्या मुलांना मी आता 'चुकू नकोस' म्हणतच नाही. 'पुढचा शब्द बघ' म्हणते.

इथे गोष्ट संपली असं मात्र समजू नका. पुढच्याच आठवड्यात एक दिवस ती पुन्हा थांबली. वहीत आठ आकडा पडला. ताईंनी शांतपणे दोन गाद्या परत आणून लावल्या. तीन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. भीती पाहुणीसारखी येते, दोन दिवस राहते आणि जाते. फरक एवढाच, की आता तिची उठबस कशी करायची ते लेकीला ठाऊक झालं आहे.

सासूबाईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्यांना मी त्रिपुराच्या दीपा कर्माकरची गोष्ट सांगितली. तळपाय सपाट असलेली ही मुलगी २०१६ मध्ये ऑलिंपिकला जाणारी पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली, आणि तिचं कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकलं. सासूबाईंनी तिची उडी मोबाईलवर दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "हिची आई समोर बसली असेल का गं?" तेव्हापासून त्या लेकीला 'पुरे कर' म्हणत नाहीत. शनिवारी तिच्यासाठी नाचणीचे लाडू मात्र आठवणीनं वळतात.

ज्यांच्या मुली अशा एखाद्या खेळात आहेत, पोहण्यात, नाचात, सायकलवर कुठेही, त्यांच्यासाठी या साऱ्यातून मला उमगलेल्या चार गोष्टी सांगते. वर्गातून आल्या आल्या 'आज झालं का?' असं विचारू नये. आधी खायला द्यावं, बोलायचं असेल तर ती आपणहून बोलते. दुसऱ्या मुलीशी तुलना नको आणि 'केलंस तर अमुक घेऊन देईन' अशी लालूचही नको; भीतीला लाच चालत नाही. दुखतंय आणि भीती वाटते, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी डॉक्टर आणि विश्रांती, दुसरीसाठी एक पायरी खाली. आणि शिकवणारी व्यक्ती पायरी खाली उतरू द्यायला तयार नसेल, मुलीला रागावून किंवा हसून वर ढकलत असेल, तर तो वर्ग बदलावा. तिथे संकोच करू नये.

आता तळोज्याला यायचं झालं तर कसं, तेही सांगून ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये या. बेलापूरहून मेट्रोत बसा, खिडकीशी जागा धरा. खारघर मागे पडलं की डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरताना दिसतील. पेंधरला उतरून गावाच्या बाजूला थोडं चाललं, की भातशेती लागते. पायात घसरणारी चप्पल नको, साडी जरा वर खोचून घ्या. लावणी चालू असेल तर कडेला उभं राहून त्या बायकांची चाल पाहा. बांध चुकवून घाईनं कुणी चालत नाही, आणि खाली पाहत पाहतही कुणी चालत नाही. नजर थोडी पुढे, पाऊल सावकाश. आणि मुली बरोबर असतील तर त्यांनाही बांधावर चालू द्या. घसरल्या तर घसरू देत. खाली चिखलच आहे, आणि मळलेले कपडे काय, रात्री साबणाच्या पाण्यात भिजत घातले की सकाळी निघतात.